कट्टी, बट्टी आणि संगणकातला राजा

कट्टी कशी घ्यायची हे तुम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. बट्टी कशी करायची हेही नाही. पण जरा आठवून पाहा, त्यात केवढे नियम असतात! कट्टीला कारण लागतं. कंपासपेटी परत दिली नाही, बाईंना नाव सांगितलं, वाढदिवसाला बोलावलं नाही, असं काहीतरी घडावं लागतं आणि ते कारण साऱ्या वर्गाला ठाऊक असतं. मग मधल्या सुट्टीत दोघांचाही मित्र असलेला एखादा शहाणा मध्ये पडतो. इकडचा निरोप तिकडे नेतो. "तो आधी सॉरी म्हणाला तर तू बोलशील ना?" असं आडून विचारून घेतो. मग कुठे बट्टी होते. आणि पुन्हा तसंच घडलं तर सगळ्यांत जास्त चिडतो तो हा मध्ये पडलेला मित्र, कारण शब्द त्याने टाकलेला असतो.

आता संगणकावरचा एखादा ऐतिहासिक डावपेचांचा खेळ उघडा. शेजारचा राजा पडद्यावर येतो, मिशीला पीळ देतो, तुम्हाला भित्रा म्हणतो आणि युद्ध पुकारतो. का? पत्ता नाही. दहा खेळ्यांनंतर तोच राजा हसत हसत येतो आणि म्हणतो, "आमचं रेशीम घ्या, तुमचे घोडे द्या." मधल्या काळात तुम्ही त्याची तीन शहरं जाळलीत, हे त्याच्या गावीही नसतं!

या खेळांतले घोडे, तोफा, गलबतं वर्षागणिक देखणी होत गेली. किल्ल्याच्या भिंतीवरचं शेवाळसुद्धा दिसू लागलं. पण शिष्टाईच्या बाबतीत संगणकातले राजे बरीच वर्षं तुमच्या वर्गातल्या मुलांहून कच्चे राहिले. असं का झालं आणि ते सुधारायला कोणी काय काय केलं, त्याची ही हकिकत.

तह म्हणजे एक बटण?

आई-बाबांसाठी आधी दोन शब्द. हे धडाधड गोळ्या झाडण्याचे खेळ नव्हेत. यातले बरेचसे बुद्धिबळासारखे सावकाश चालतात. १९९१ साली अमेरिकेत सिड मायर यांचा 'सिव्हिलायझेशन' हा खेळ आला. त्यात इसवी सनापूर्वी ४००० साली तुमच्या हाती वस्ती करायला निघालेली मूठभर माणसं असतात, आणि तिथून शेती, लिपी, चाक असं करत करत अवकाशयानापर्यंत पोहोचायचं असतं. पुढे २००० साली स्वीडनमधून 'युरोपा युनिव्हर्सालिस' आला. त्याची चौथी आवृत्ती २०१३ची. तिच्यात ११ नोव्हेंबर १४४४ या दिवशीचा जगाचा नकाशा समोर येतो, आणि त्यातलं कोणतंही राज्य निवडून १८२१ सालापर्यंत चालवायचं असतं. २००९ च्या 'एम्पायर : टोटल वॉर'मध्ये तर मराठ्यांचं राज्य घेऊन १७०० सालापासून खेळता येतं. इतिहासाच्या पुस्तकात ज्या मुलाला सनावळ्या पाठ होत नाहीत, तो या खेळांतल्या सनावळ्या धडाधड सांगतो, हे अनेक घरांत पाहायला मिळतं.

या खेळांत लढाईचे नियम बारीक आणि तहाचे ढोबळ. १९९९ चा 'एज ऑफ एम्पायर्स २' घ्या. तिथे दुसऱ्या खेळाडूपुढे तीनच खुणा : मित्र, तटस्थ, शत्रू. एका खुणेवरून दुसरीवर बोट ठेवलं की झालं! बाजार बांधला की मित्राला धान्य, लाकूड, सोनं, दगड पाठवता येतात आणि पाठवताना त्यातला काही हिस्सा कर म्हणून कापला जातो. हा कर तेवढा खराखुरा वाटतो. बाकी मैत्री म्हणजे दिव्याचं बटण. लावलं की उजेड, बंद केलं की अंधार.

आपल्याकडे कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजाने शेजाऱ्यांशी वागण्याचे सहा प्रकार सांगितले आहेत. संधी म्हणजे तह. विग्रह म्हणजे वैर. आसन म्हणजे गप्प बसून वाट पाहणं. यान म्हणजे चढाईची तयारी करून निघणं. संश्रय म्हणजे बलवानाचा आसरा घेणं. आणि द्वैधीभाव म्हणजे एकाशी तह करून दुसऱ्याशी लढणं. पहिल्या खेळांनी या सहांतले पहिले दोनच उचलले. उरलेले चार हळूहळू येत आहेत.

गंमत म्हणजे 'सिव्हिलायझेशन'च्या सहाव्या आवृत्तीत २०१८ साली चंद्रगुप्त मौर्य आला आणि त्याला कौटिल्याचंच डोकं देण्यात आलं. त्याला सीमेजवळचा राजा आवडत नाही, लांबचा आवडतो. 'शेजारी तो शत्रू' हा कौटिल्याच्या मंडल-सिद्धांताचा पहिला धडा त्यात बरोबर उतरला. पण शेजाऱ्याच्या पलीकडचा तो मित्र, त्याच्याही पलीकडचा मित्राचा शत्रू, असं ते मंडल पुढे पसरत जातं. खेळातला चंद्रगुप्त पहिल्या धड्यावरच थांबतो.

गांधीजी आणि अणुबॉम्ब

शिष्टाईच्या गणिताची एक दंतकथा जगभर गाजली. 'सिव्हिलायझेशन'च्या पहिल्या आवृत्तीत भारताचे नेते महात्मा गांधी होते. दंतकथा अशी : प्रत्येक नेत्याला भांडखोरपणाचा एक आकडा दिला होता. गांधीजींचा आकडा सर्वांत लहान, म्हणजे १. एखाद्या देशात लोकशाही आली की त्या आकड्यातून २ वजा होत. १ मधून २ गेले तर उरले उणे १. पण संगणकाच्या त्या कप्प्यात ० ते २५५ एवढेच आकडे मावत, म्हणून शून्याखाली जाताच काटा उलटा फिरून थेट २५५वर गेला, आणि गांधीजी जगातले सर्वांत भांडखोर नेते होऊन शेजाऱ्यांवर अणुबॉम्ब टाकू लागले!

गोष्ट फक्कड आहे. फक्त खरी नाही. सिड मायर यांनी २०२० साली आपल्या आठवणींच्या पुस्तकात स्वच्छ लिहिलं की अशी चूक खेळात कधी नव्हतीच. मग लोकांनी विश्वास का ठेवला? एक तर खेळातले गांधीजी विज्ञानाच्या मागे लागत, त्यामुळे भारताकडे अणुबॉम्ब लवकर येई. आणि ज्याच्याकडे अणुबॉम्ब आला, तो कोणताही नेता बोलताना त्याचा धाक दाखवी. तेच वाक्य गांधीजींच्या तोंडी आलं की माणसं खुर्चीतून उडत. पुढे २०१० च्या पाचव्या आवृत्तीत विनोद म्हणून अण्वस्त्रं वापरण्याच्या हौसेचा गांधीजींचा आकडा मुद्दाम १२ ठेवला गेला. बाकीच्यांची पट्टी १० वर संपत होती!

मला या दंतकथेतली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. समोरचा असा का वागला हे कळलं नाही, की माणूस त्याचं कारण स्वतः रचतो. आकडा उलटा फिरला, संगणक वेडा झाला, खेळ बनवणारे लबाड आहेत. खेळातल्या राजाला कारण असूनही ते दाखवता आलं नाही, तर ते नसल्यासारखंच.

आकडे दाखवायचे की लपवायचे?

यावरून खेळ बनवणाऱ्यांत मोठा घोळ झाला. २००५ सालच्या चौथ्या आवृत्तीत राजाच्या नावावर बाण नेला की यादीच उघडे. 'आपला व्यापार चांगला चालला आहे' : अधिक २. 'तुम्ही आमच्या मित्रावर चाल केलीत' : उणे ३. सगळं लख्ख! पण मग खेळाडू शिष्टाई करीतच ना, ते बेरीज करीत. दोन अधिक इथून, एक तिथून, झाला राजा खूश. किराणा दुकानातल्या चिठ्ठीसारखं.

म्हणून २०१० च्या आवृत्तीत हे आकडे लपवले. खऱ्या राजाच्या कपाळावर कुठे आकडे असतात? विचार तर्काला धरून होता. पण परिणाम असा झाला की कालचा जानी दोस्त आज अचानक चालून येई आणि कशामुळे ते कुणालाच कळेना. खेळाडू इतके वैतागले की नंतरच्या सुधारणांत कारणं पुन्हा दाखवावी लागली.

या दोन्हींच्या मधला एक रस्ता आहे आणि तो तुम्ही रोज वापरता. मैत्रीण रागावली आहे हे तिच्या चेहऱ्यावरून कळतं. किती रागावली आहे ते कळत नाही. कशावरून, ते तिच्या बाकावरच्या दुसऱ्या मुलीला विचारावं लागतं. खेळातही तसंच हवं : कारण दिसावं, आकडा अंधूक असावा, आणि तो नीट कळायला वकील किंवा हेर पाठवावा लागावा. इथे वकील म्हणजे कोर्टातला नव्हे बरं का. शिवकाळात आणि पेशवाईत परराज्याच्या दरबारात राहून बोलणी करणाऱ्या आपल्या माणसाला वकील म्हणत. पुण्याच्या दरबारात इतरांचे वकील असत आणि पुण्याचे वकील ठिकठिकाणी. ते पत्रांतून बारीकसारीक बातम्या कळवत. काही खेळांत आता हेरांचं जाळं विणावं लागतं, पण वकिलाच्या पत्राची मजा अजून कुणी आणलेली नाही.

रागाचा हिशेब

२०१६ साली सहावी आवृत्ती आली, तेव्हा तिच्यात एक मोठाच अन्याय होता. समजा, शेजाऱ्याने तुमच्यावर हल्ला केला, तुम्ही तो परतवलात आणि चिडून त्याची दोन शहरं घेतलीत. की सगळं जग तुम्हालाच 'युद्धखोर' म्हणून नावं ठेवी. सुरुवात कोणी केली, हे कुणी विचारीच ना. वर्गात मागून टपली मारणारा सुटतो आणि वळून पाहणारा सापडतो, तसला प्रकार!

२०१९ च्या पुरवणीत हे बदललं. आता 'गाऱ्हाणी' मोजली जातात. माझ्यावर अन्याय झाला की माझ्या खात्यात तुमच्याविरुद्धची गाऱ्हाणी जमा होतात. जमा आहेत तेवढ्या प्रमाणात मी उलट वागलो, तर जग फार बोलत नाही. 'तुमच्या सीमेजवळ वस्ती करणार नाही' असा शब्द देऊन मोडला, तरी गाऱ्हाणी वाढतात. आणि काळ गेला की ती हळूहळू विरतात. अगदी कट्टीसारखं.

'युरोपा युनिव्हर्सालिस'मध्ये आणखी एक छान युक्ती आहे. तुम्ही भराभर मुलूख गिळू लागलात की ज्याचा मुलूख गेला त्याच्याइतकेच त्याचे शेजारीही धास्तावतात. जवळचे जास्त, दूरचे कमी. धास्ती ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की ते सगळे मिळून तुमच्याविरुद्ध आघाडी करतात. एकेकटा लिंबूटिंबू असलेली आठ-दहा राज्यं एकदम अंगावर आली की भल्याभल्यांची गाळण उडते. इथे तिसऱ्या माणसाला महत्त्व आलं. तुमचं भांडण दोघांचं असलं, तरी ते बघणारे बसलेले आहेत.

एक तह, जो कोणत्याच खेळात मावत नाही

आता हे खेळ किती पुढे आले आहेत ते पाहायला एक खराखुरा तह घेऊ. तुमच्या ओळखीचाच, पुरंदरचा.

जून १६६५. मिर्झाराजे जयसिंगाच्या फौजेने पुरंदरला वेढा घातला होता. मुरारबाजी देशपांडे धारातीर्थी पडले होते. शिवाजी महाराजांनी जयसिंगाची भेट घेऊन तह केला. पाठ्यपुस्तकात त्याचं एक कलम ठळक असतं : २३ किल्ले मोगलांना द्यायचे. त्या किल्ल्यांबरोबर चार लाख होनांचा मुलूखही गेला. महाराजांकडे १२ किल्ले आणि एक लाख होनांचा मुलूख राहिला. एवढं कलम कोणत्याही खेळात बसतं. मुलूख निवडा, बटण दाबा, झालं.

पण पुढची कलमं पाहा. संभाजीराजांना पाच हजारी मनसब मिळणार. त्यांचं वय तेव्हा जेमतेम आठ वर्षांचं! म्हणजे तुमच्यापैकी अनेकांहून लहान मुलगा तहातलं एक कलम झाला. स्वतः महाराजांनी मात्र मनसबदार होऊन बादशहाच्या दरबारी चाकरी करायची नाही. विजापूरकरांविरुद्ध मोगलांना मदत करायची, पण दरबारात हात बांधून उभं राहायचं नाही. या कलमात जमीन नाही, पैसा नाही. आहे तो मान. किल्ले पुन्हा घेता येतात, पण एकदा चाकर म्हणून उभं राहिलेल्या राजाकडे इतर राजे कोणत्या नजरेने पाहतील, याचा विचार त्यात दिसतो. एवढ्या अडचणीत सापडलेला माणूस हे कलम मागतो आणि जिंकत असलेला माणूस ते मान्य करतो, हीच खरी मुत्सद्देगिरी. खेळात या कलमाला खानाच नाही.

आणि याहूनही महत्त्वाची गोष्ट पुढे घडली. महाराज आग्र्याला जायला निघाले ते जयसिंगाने सुरक्षिततेचा शब्द दिल्यावर. आग्र्यात जयसिंगाचा मुलगा रामसिंह त्यांच्यासाठी बादशहाला जामीन राहिला. १२ मे १६६६ ला दरबारात अपमान झाला, मग पहारे बसले, आणि १७ ऑगस्टला महाराज निसटले. मग औरंगजेबाने राग कोणावर काढला? रामसिंहावर. त्याची मनसब गेली, दरबार बंद झाला. औरंगजेब आणि महाराज यांच्यातल्या व्यवहाराची किंमत तिसऱ्याने मोजली, कारण त्याने मधे आपला शब्द टाकला होता. मधल्या सुट्टीतला तो मित्र आठवतो ना?

संगणकावरच्या खेळांत ही गोष्ट मला अजून कुठे धडपणे दिसलेली नाही. 'युरोपा'त एखाद्या छोट्या राज्याच्या स्वातंत्र्याची हमी घेता येते. त्याच्यावर कुणी चालून आलं तर हमीदाराला धावून जावं लागतं. चांगलंच आहे. पण दोघांच्या तहाला तिसऱ्याने जामीन राहायचं, तह मोडला तर त्याची पत जायची, आणि म्हणून तह टिकावा यासाठी त्याने दोघांच्या मागे लागायचं, असा जामीन खेळात आला तर राजांना एकमेकांशी बोलायला रोज नवं कारण मिळेल.

'क्रुसेडर किंग्ज' या मालिकेने निदान माणसं आणली, हे कबूल केलं पाहिजे. तिथे तह दोन रंगांच्या मुलखांत होत नाही, दोन माणसांत होतो. मुलीचं लग्न लावून जोडलेली सोयरीक त्या मुलीच्या मृत्यूबरोबर तुटू शकते. राजा मेला की त्याने केलेला युद्धविरामही संपतो. खऱ्या इतिहासात गादीवर नवा माणूस आला की सगळे वकील धावपळ करत, ती का करत, ते इथे बरोबर कळतं.

युद्धाआधीचे दिवस

पुरंदरचा तह झाला, पण प्रत्येक भांडणात वेढा पडायलाच हवा का? बऱ्याचदा नुसती फौज हलते, धमक्या दिल्या जातात आणि कोणीतरी दोन पावलं मागे येतं. कौटिल्याने ज्याला यान म्हटलं, त्यातला हा भाग. खेळांमध्ये मात्र शांतता आणि युद्ध यांच्यामध्ये काहीच नव्हतं.

२०२२ च्या 'व्हिक्टोरिया ३'ने ही फट भरली. काळ १८३६ ते १९३६. इथे कुणाकडून काही हवं असेल तर आधी मागणी मांडायची. मांडली की लगेच लढाई सुरू होत नाही, घड्याळ सुरू होतं. दोन्ही बाजू आणखी मागण्या ठेवतात, बड्या राष्ट्रांना आपल्याकडे ओढतात. "तू माझ्या बाजूने ये, तुला अमुक देईन." शेजारी कुणाकडे झुकतात ते दिसत राहतं. आणि घड्याळ संपायच्या आत कुणालाही माघार घेता येते. बचाव करणाऱ्याने माघार घेतली तर समोरच्याला मुख्य मागणी मिळते, बाकीच्या सुटतात. एकही गोळी न उडता प्रकरण मिटतं! ज्यांना लढाईची घाई असते ते यावर कुरकुरतात. मला मात्र हे घड्याळ फार आवडतं. गोळी सुटण्याआधीचे ते काही दिवस इतिहासात सर्वांत थरारक असतात.

शेवटच्या खेळीचा रोग

एवढं सगळं सुधारलं तरी एक जुनाट दुखणं राहतंच. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातले रॉबर्ट अ‍ॅक्सेलरॉड यांनी १९८० च्या सुमारास संगणकांची एक मजेदार स्पर्धा घेतली. खेळ दोघांचा. दोघांनी शब्द पाळला तर दोघांना ३-३ गुण. एकाने मोडला आणि दुसऱ्याने पाळला, तर मोडणाऱ्याला ५, पाळणाऱ्याला ०. दोघांनी मोडला तर १-१. एकाच जोडीने हा खेळ २०० वेळा खेळायचा. तज्ज्ञांनी १४ आज्ञावल्या पाठवल्या. काही भलत्याच कपटी होत्या. जिंकली कोणती? सर्वांत छोटी! अनातोल रापोपोर्ट यांची 'जशास तसं'. पहिल्या खेपेला शब्द पाळायचा, पुढे समोरच्याने मागच्या खेपेला जे केलं तेच करायचं. मग दुसरी स्पर्धा झाली. तिला ६२ आज्ञावल्या आल्या. पाठवणाऱ्यांत प्राध्यापक होते आणि १० वर्षांचा एक मुलगाही होता! पुन्हा 'जशास तसं'च पहिली.

दुसऱ्या स्पर्धेत एक शहाणा बदल केला होता. खेळ नेमका केव्हा संपेल ते आधी सांगितलं नव्हतं. का? कारण दोनशेवी खेळी शेवटची हे ठाऊक असलं, की तिथे दगा द्यायचा मोह होतो. त्यानंतर उट्टं काढायला कुणी उरत नाही. मग समोरचाही तोच विचार करून १९९ व्या खेळीला दगा देतो. मग १९८ व्या. असा तो रोग मागे मागे सरकतो. संगणकावरचे मोठे खेळ ठरलेल्या सालीच संपतात, आणि अनेकांत जिंकतो एकच. म्हणजे शेवटी प्रत्येक मित्र हा अडथळाच. संगणकातला राजा खरोखर जिंकायला खेळला, तर शेवटच्या काही खेळ्यांत त्याने तुम्हाला दगा द्यायलाच हवा. दिला की तुम्ही त्याला विश्वासघातकी म्हणता, नाही दिला तर मठ्ठ म्हणता. बिचाऱ्याने करावं काय?

ज्या खेळात नुसती बोलणीच आहेत, फासे नाहीत, पत्ते नाहीत, तो म्हणजे 'डिप्लोमसी' हा पटावरचा खेळ. अ‍ॅलन कॅलहॅमर यांनी तो १९५४ साली रचला आणि १९५९ मध्ये स्वतःच ५०० प्रती काढल्या. पुढे हे गृहस्थ पोस्टमन होते! पहिल्या महायुद्धाआधीचा युरोप, सात राष्ट्रं, सात खेळाडू. आधी कोपऱ्यात जाऊन कुजबुज, मग प्रत्येकाने आपले हुकूम कागदावर लिहायचे आणि सगळे कागद एकदम उघडायचे. कोणी काय वचन दिलं होतं आणि काय लिहिलं, ते तेव्हा कळतं. या खेळापायी दोस्ती तुटते अशी त्याची ख्याती आहे.

नोव्हेंबर २०२२ मध्ये मेटा कंपनीने 'सिसेरो' नावाचा कृत्रिम बुद्धीचा खेळाडू जाहीर केला. तो माणसांशी इंग्रजीत लिहून बोलणी करी. त्याने ४० डाव खेळले आणि एकाहून अधिक डाव खेळलेल्यांमध्ये तो वरच्या १० टक्क्यांत आला. आपण त्याला सहसा खरं बोलायला शिकवलंय असं बनवणारे म्हणत होते. पण २०२४ साली इतर संशोधकांनी त्याचेच निरोप वाचून दाखवलं की त्याने फ्रान्स म्हणून खेळताना जर्मनीशी संगनमत केलं आणि इंग्लंडला मात्र मदतीचं वचन दिलं. एकदा तर तो दहा मिनिटं बंद पडला होता आणि विचारल्यावर म्हणाला, फोनवर बोलत होतो! पुढे असे बोलणारे राजे ऐतिहासिक खेळांत आले, तर ते गोड बोलतील यात शंका नाही. पण त्यांच्या गोड बोलण्याला जामीन कोण राहील, हा प्रश्न उरतोच.

तोवर आपणच एक खेळ खेळून पाहू. पाच जण हवेत. प्रत्येकाला दहा चिंचोके, उरलेले मध्ये वाटीत. दर फेरीत पाच मिनिटं बोलणी. मग प्रत्येकाने चिठ्ठीवर गुपचूप एक शब्द लिहायचा : 'मदत' आणि कोणाला, किंवा 'हल्ला' आणि कोणावर, किंवा नुसता 'पहारा'. सगळ्या चिठ्ठ्या एकदम उघडा. दोघांनी एकमेकांना मदत लिहिली असेल तर दोघांना वाटीतून दोन-दोन. मदत एकतर्फीच असेल तर काही नाही. ज्याच्यावर हल्ला झाला त्याने पहारा लिहिला नसेल तर त्याचे तीन जातात हल्लेखोराला. पहारा असेल आणि हल्लेखोर एकच असेल, तर त्याचेच दोन वाटीत. पण एका पहाऱ्यावर दोघे मिळून चालून आले तर पहारा फुटतो आणि दोघे दोन-दोन नेतात. दोघांनी एकमेकांवरच हल्ला लिहिला तर दोघांचा एक-एक वाटीत.

आता जामीन. कोणत्याही दोघांना तीन फेऱ्यांचा तह करायचा असेल तर त्यांनी तिसऱ्याला गाठायचं. तो आपले दोन चिंचोके तहाच्या कागदावर ठेवतो. तह टिकला तर ते परत मिळतात आणि वर प्रत्येकाकडून एक. मोडला तर ते दोन ज्याचा घात झाला त्याला. मग पाहा, हा जामीन दोघांच्या कानाशी कसा लागतो!

खेळ केव्हा संपेल ते ठरवायचं नाही. सहाव्या फेरीनंतर दर वेळी फासा टाकायचा. सहा पडले की खलास. चिंचोके नसतील तर शेंगदाणे चालतील, मात्र भाजलेले घेऊ नका. दुसऱ्या फेरीपर्यंत सगळ्यांच्या तिजोऱ्या रिकाम्या होतात आणि तहाला कागद तेवढा उरतो.